आत्याची औषधशाळा

खानदेशातल्या ज्या घरात माझ्या आत्याने औषधांची पिशवी उलटी केलेली नाही, ते घर एक तर अजून बांधून व्हायचं आहे, नाही तर त्यात राहणारी सगळी माणसं पंचविशीच्या आतली आहेत. इतर लोक कुणाकडे गेले की चपला काढतात, पाणी पितात, खुर्चीत बसतात आणि पाऊसपाण्याचं बोलतात. आत्या चपला काढते आणि सरळ फ्रिजकडे जाते. फ्रिजवर, टीव्हीच्या मागे, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, गादीखाली, म्हाताऱ्या माणसाची औषधांची कॅरीबॅग कुठे दडवलेली असेल ते तिला घरच्यांपेक्षा आधी कळतं. मग ती पिशवी कॉटवर उलटी होते आणि पंचनामा सुरू होतो. जळगावात मेहरूणला, तिच्या गल्लीतल्या एका घरी अशाच पिशवीतून कंपनी वेगळी पण औषध एकच अशी गोळ्यांची तीन पाकिटं, फक्त वास उरलेली खोकल्याची बाटली आणि दिवाळीपासून हरवलेलं सुनेचं कानातलं निघालं. सून आनंदाने आत्याच्या पाया पडायला वाकली. आत्या म्हणाली, "पाया मागून पड. आधी सांग, ही एकच गोळी तुझी सासू तीन वेगवेगळ्या नावांनी खाते आहे, हे तुला माहीत आहे का?"

आत्याने छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली. तिला निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण नोकरी काही तिच्यातून निवृत्त झाली नाही. पदराला उलटं घड्याळ अजून लावलेलं असतं. दुकानदार साखर मोजत असेल तरी ती त्या घड्याळाकडे बघत उभी राहते, आणि तो बिचारा आपली नाडी कुणीतरी मोजतंय अशा घाईने साखर बांधतो. माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नाहीत, औषधं राहतात. माझ्या बँकेतल्या साहेबांना ती "ते रिकाम्या पोटी थायरॉईडवाले" म्हणते आणि शेजारच्या काकूंना "सकाळ-संध्याकाळ शुगर". धुळ्याला एका लग्नात मंगलाष्टकं चालू होती. भटजींनी सूर लावलेला, सगळे हातात अक्षता घेऊन स्तब्ध. एवढ्यात आत्याला समोरच्या रांगेत नवरदेवाचे आजोबा दिसले आणि तिने मांडवाच्या या टोकाहून विचारलं, "आबा, दुपारची घेतली का?" आबा इतके दचकले, की त्यांनी हातातल्या अक्षता तोंडात टाकल्या.

अशी माणसं तोंडी सांगून सांगून दमतात आणि घरी बसतात. आत्या दमली, पण बसली मात्र नाही. त्याला कारण तिच्या गल्लीतले कापडवाले शेठजी. त्यांच्या वडिलांनी राजस्थानातून येऊन जळगावात दुकान टाकलं होतं. शेठजी भला माणूस, आत्याला फार मानायचे. मधुमेहाची गोळी मात्र ज्या दिवशी गोड खायचे त्याच दिवशी घ्यायचे. "गोड नाही तर गोळी कशाला, सिस्टर?" असा त्यांचा सरळ हिशेब. आत्याने त्यांना दहा वेळा समजावलं. दहाही वेळा ते हात जोडून म्हणाले, "बराबर आहे, सिस्टर," आणि अकराव्या दिवशी गोड नव्हतं म्हणून गोळी घेतली नाही. पुढे त्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम तीन महिने भरली नाही. त्यांना बघायला गेली असताना आत्याच्या लक्षात आलं, की शेठजी आपण बोलतो तेव्हा दाराकडे बघतात आणि मोबाईलमधला कुणीही अनोळखी माणूस बोलला तर कान देऊन ऐकतात. पोट साफ होण्यासाठी सकाळी कुठल्या पायावर आधी उभं राहायचं, हे त्यांनी मोबाईलवर ऐकलं होतं आणि ते रोज न चुकता पाळत होते. आत्या घरी आली आणि मला फोन करून म्हणाली, "शनिवारी ये. मला मोबाईलमध्ये जायचंय."

मी बँकेत कारकून आहे. कॅमेरा हातात धरण्याचा माझा अनुभव बारशापलीकडे गेलेला नव्हता. पण आत्या डॉक्टरांनाही कामं सांगत आलेली होती, मी कोण? शनिवारी गेलो तर आत्या इस्त्रीची पांढरी साडी नेसून तयार. टेबलावर भरताचं एक मोठं हिरवं वांगं, दोन काजू, सलाईनची नळी आणि पाण्याचा तांब्या. "हे वांगं म्हणजे हृदय," तिने मला समजावलं, "आणि हे काजू म्हणजे मूत्रपिंडं." रक्तदाब वाढला की हृदयावर आणि मूत्रपिंडांवर काय परिणाम होतो ते ती सगळं या सामानावर दाखवणार होती. पहिल्या दिवशी तिचं अकरा वेळा चुकलं. एकदा शेजारच्यांच्या कुकरने शिट्टी दिली, एकदा मीच शिंकलो. दुपारचा दीड वाजला, भुकेने माझा जीव जायला लागला आणि मी नकळत एक मूत्रपिंड खाल्लं. आत्याने मला काही बोलायच्या ऐवजी कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं, "एका मूत्रपिंडावरही माणूस जगू शकतो, पण औषध वेळेवर घ्यायला हवं." ते तसंच ठेवलं. संध्याकाळी हृदयाचं भरीत झालं. मी दोन भाकरींशी ते खाल्लं.

एरवी आत्या घरात अहिराणी मिसळून इतकं गोड बोलते, पण मोबाईलमध्ये म्हणे शुद्धच बोललं पाहिजे. त्यामुळे तिथे ती थेट दवाखान्याच्या भिंतीवरचा फलक व्हायची. "सर्व ज्येष्ठ नागरिकांना नमस्कार. आज आपण औषध घेतलं का?" अशी सुरुवात, मग "नियमितता", मग "दक्षता". तिने काढलेल्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नावही होतं "औषध नियमितता मंडळ". एवढं असूनही लोकांना ते व्हिडिओ आवडायला लागले. रक्तदाबावर बोलता बोलता मध्येच खिडकीतून भंगारवाल्यावर "अरे, हळू ओरड, इथे प्रेशरचं चाललंय!" असं खेकसणारी दुसरी कुठली बाई मोबाईलवर होती? सहा महिन्यांत मंडळात गल्ली आली, मग आमचे नातेवाईक आले, मग दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतले निवृत्त लोक आले. रोज सकाळी आठला व्हिडिओ जायचा आणि साडेआठपर्यंत अंगठ्यांचा पाऊस पडायचा. आत्या ते अंगठे मोजायची नाही, पण बघून तिचा चेहरा खुलायचा. "बघ," मला म्हणायची, "छत्तीस वर्षांत एवढी माणसं माझं ऐकत नव्हती."

सगळ्यात आधी अंगठा यायचा तो दोंडाईच्याहून. तो माझ्या वडिलांचा, नानांचा. नाना आत्याहून तीन वर्षांनी धाकटे. आयुष्यभर पोस्टमन होते. आई गेल्यापासून दोंडाईच्याला एकटेच राहतात. जळगावला या म्हटलं तर "तिकडे मला कोण ओळखतं?" म्हणतात, आणि ते खरंच आहे; दोंडाईच्यात त्यांना कुत्रीसुद्धा घरापर्यंत पोचवायला येतात. नानांना रक्तदाब आहे, दिवसाला एक गोळी. अक्काने, म्हणजे आत्याने, सांगितलेलं त्यांनी लहानपणापासून मोडलेलं नाही. अक्काने सांगितलं म्हणून ते शाळेत गेले, अक्काने सांगितलं म्हणून माझ्या आईला बघायला गेले. तेव्हा आमच्या घरात ज्याच्या औषधाची काळजी करायला नको असं एकच माणूस होतं, ते म्हणजे नाना.

त्या महिन्यात आत्याने एक फार जोरदार व्हिडिओ केला होता. लोक गोळ्या उरवतात याचा तिला राग आला होता. रिकामं पाकीट कॅमेऱ्यासमोर नाचवत ती म्हणाली होती, "महिन्याच्या तीस गोळ्या महिन्यात पोटात गेल्याच पाहिजेत! एकही शिल्लक राहता कामा नये!" मीच तो काढला होता आणि मला तो फार आवडला होता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी चारला मला बँकेत फोन आला. नानांच्या शेजारच्यांचा. नाना चहा ठेवायला उठले आणि मोरीजवळ कोसळले, धुण्याच्या दगडावर डोकं आपटलं, रक्त बरंच गेलं, दवाखान्यात नेलंय. मी आत्याला घेतलं आणि मिळाली त्या पॅसेंजरने निघालो. अमळनेर गेलं, नरडाणा गेलं, आत्या एक शब्द बोलली नाही. समोरच्या बाकावरची एक म्हातारी रुमालातून गोळ्या काढून घेत होती, तिच्याकडेही तिने बघितलं नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

दिवेलागणीला पोचलो. नाना कॉटवर टेकून बसले होते, भुवईवर सात टाके, चेहरा पांढराफटक. आम्हाला बघून हसले. डॉक्टर तरुण होते, ते वैतागून म्हणाले, "रक्तदाब एवढा खाली कसा आला तेच कळत नाही. आजोबा नीट सांगत नाहीत. किती गोळ्या घेतल्या, तर म्हणतात बरोबर घेतल्या."

"नाना," आत्याने विचारलं, "आज किती घेतल्या?"

"चार," नाना म्हणाले. "आजची एक आणि शिल्लक तीन."

"एकदम?"

"मग? महिना आज संपतो ना." आणि डॉक्टरांकडे वळून, शाळेत पाढा म्हणणाऱ्या पोरासारखे अभिमानाने म्हणाले, "मन्ही अक्कानी सांगेल शे." माझ्या अक्काने सांगितलंय.

डॉक्टरांना पटेना, म्हणून नानांनी उशाचा मोबाईल घेतला आणि व्हिडिओ लावला. त्या छोट्या खोलीत, शेजारच्या कॉटवरचे दोन पेशंट आणि त्यांची माणसं ऐकत असताना, आत्याचा आवाज खणखणला: महिन्याच्या तीस गोळ्या महिन्यात पोटात गेल्याच पाहिजेत! एकही शिल्लक राहता कामा नये! "चाळीस वर्षांत," नाना डॉक्टरांना समजावत होते, "थैलीत पत्र ठेवून मी कधी घरी गेलो नाही."

आत्या स्टुलावर बसली. पदराचं घड्याळ तिने काढलं आणि पर्समध्ये टाकलं. मग नानांचा पाय चादरीबाहेर आला होता, त्यावर चादर ओढली आणि हात तसाच पायावर ठेवून बसून राहिली.

दोन दिवसांनी नाना घरी आले. आत्या जळगावला परत आलीच नाही. मंडळावर व्हिडिओ जाणं बंद झालं. शेठजींनी मला रस्त्यात गाठून विचारलं, "सिस्टरची तब्येत बरी आहे ना?" मी हो म्हणालो. रविवारी दोंडाईच्याला गेलो तर आत्या ओट्यावर तूर निवडत बसली होती. मी म्हटलं, "आत्या, नाना बरे आहेत आता. चुकून झालं."

"चुकून नाही झालं," ती म्हणाली. "मी सांगितलं तसं झालं. ते जास्त वाईट."

मीही तूर निवडायला बसलो. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "पण तीन शिल्लक राहिल्या कशा रे? नाना विसरणारा नाही." आणि तिने जे छत्तीस वर्षांत कुठल्याच पेशंटला केलं नव्हतं ते केलं. आत जाऊन नानांपुढे मांडी घालून बसली आणि म्हणाली, "नाना, मी तुला काही सांगत नाही. तू मला सांग. गोळी कशी घेतोस, सगळं पहिल्यापासून सांग."

नाना सांगायला लागले. गोळी दुपारी. जेवणानंतर. पाकिटावर डॉक्टरांनी तसंच लिहिलंय. रोज न चुकता. "फक्त एकादशी-संकष्टीला नाही."

"का?"

"उपास असतो."

"अरे, पण तू भगर खातोस, शेंगदाण्याची आमटी खातोस, पोटभर खातोस!"

"तो फराळ," नाना शांतपणे म्हणाले. "अक्का, फराळ म्हणजे जेवण नव्हे. जेवणच नाही तर जेवणानंतर कुठून येणार?"

महिन्याच्या दोन एकादश्या आणि एक संकष्टी. तीन गोळ्या. आत्याने माझ्याकडे बघितलं, मी आत्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघं हसायला लागलो ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नाना आमच्याकडे बघत राहिले, मग सौजन्य म्हणून तेही हसले. हसता हसता आत्या थांबली आणि म्हणाली, "हे कुणीच विचारलं नाही रे याला. मीसुद्धा नाही."

त्या दिवसापासून आत्याची शाळा उलटी झाली. वांगं गेलं, काजू गेले. आता व्हिडिओत नाना असतात. डोक्याला टोपी, भुवईवर टाक्यांची रेघ, आणि शेजारी आत्या, तीही अहिराणीत. आत्या फक्त विचारते. उपासाला गोळी घ्यायची का? नाना सांगतात, आधी डॉक्टरला विचारलं, ते म्हणाले फराळानंतर चालते, म्हणून घ्यायची. एखाद्या दिवशी राहूनच गेली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का? यावर नाना बोट वर करतात, टाके दाखवतात आणि म्हणतात, "कालनी गोयी काल गई. आजनी आज." कालची गोळी काल गेली, आजची आज. हे वाक्य इतकं चाललं, की दोंडाईच्याच्या बाजारात भाजीवाल्या कालची भाजी परत करायला आलेल्या गिऱ्हाइकाला तेच ऐकवतात म्हणे. अंगठे आत्याने बंद केले. आता ज्याला ऐकलेलं समजलं त्याने स्वतःच्या आवाजात, आपण गोळी कशी घेतो ते सांगून पाठवायचं. पहिल्या आठवड्यातच जे काही आवाज आले, ते ऐकून आत्याने कपाळाला हात लावला. दीपनगरचे एक निवृत्त साहेब रात्रीची गोळी सकाळी घेत होते, कारण रात्री चष्मा काढलेला असतो. एक आजी गोळी अर्धी मोडून उरलेली अर्धी नवऱ्याला देत होत्या, कारण संसारात आजवर सगळं अर्धं अर्धंच केलं होतं. आत्या एकेकाला फोन करते, रागावते, डॉक्टरांकडे पाठवते. मंडळाचं नाव लोकांनीच बदललं. आता ते आहे "गोयी लिधी का?", म्हणजे गोळी घेतली का.

आत्या महिन्यातले पंधरा दिवस दोंडाईच्याला असते. मी सुटीच्या दिवशी जातो, खुर्चीवर डब्यांची चळत रचून त्यावर मोबाईल टेकवतो, आणि हे दोघं बोलतात. मागच्या महिन्यात असाच व्हिडिओ झाला आणि मी दूध आणायला बाहेर गेलो. मोबाईल बंद करायचा राहिला. जळगावला आल्यावर बघितलं तर पुढची अकरा मिनिटं त्यात आली होती. आधी बराच वेळ चहात आलं घालायचं की गवती चहा यावरून भांडण आहे. मग आत्या हळूच विचारते, "नाना, तू इथे एकटा होतास, आणि मी रोज सकाळी मोबाईलमध्ये विचारायचे औषध घेतलं का म्हणून, तेव्हा तू काय करायचास?"

"उत्तर द्यायचो."

"कुणाला?"

"तुला. दुपारी घेईन गं अक्का, म्हणायचो. मग काय केलंय जेवायला ते सांगायचो."

"आणि एकादशीला?"

"एकादशीला सांगायचो ना, आज उपास आहे अक्का, आज गोळी नाही. तू काही बोलायची नाहीस. मला वाटलं, चालतं."

बाहेरून कुणाच्या तरी सायकलची घंटी ऐकू येते. मग चौकटीत आत्याचा हात येतो, नानांची टोपी उगाचच सरळ करतो.

"मला ऐकू आलं नाही रे," ती म्हणते.

"आता येतं ना," नाना म्हणतात.

एवढ्यात दाराची कडी वाजते. तो मी, दूध घेऊन आलेला. ती अकरा मिनिटं मी ग्रुपवर टाकलेली नाहीत. आत्यालाही त्याबद्दल काही बोललो नाही. पण हल्ली बँकेतून घरी आलो की, विचारपूस फोनवर होण्यासारखी असली तरी, मी गाडी मेहरूणकडे वळवतो आणि ती जळगावला असली तर आत जाऊन बसतो.